चार पावलं चालून दाखवा

पावसाळ्यात जिना उतरताना शेवटची पायरी चुकते, पाय आत वळतो आणि बघता बघता घोटा टम्म फुगतो. घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, बर्फ लावा, उद्यापर्यंत उतरेल. दुसरा म्हणतो, उगीच विषाची परीक्षा कशाला, एक फोटो काढून घेऊ. बहुतेक वेळा दुसरा पक्ष जिंकतो. रिक्षा येते, कॅज्युअल्टीत केसपेपर निघतो, डॉक्टर घोटा इकडून तिकडून दाबतात आणि म्हणतात, "एक्स-रे काढून या." मग रांग, मग फिल्म, मग पुन्हा डॉक्टर. हाड शाबूत. क्रेप बँडेज, दुखण्याच्या गोळ्या, आणि घरी.

यात कुणाचं काही चुकलं असं वाटत नाही. पण हाच प्रसंग एका शहरातल्या सगळ्या कॅज्युअल्टींत वर्षभर घडत असतो असं धरलं, तर आकडा छाती दडपवणारा होतो. कॅनडातल्या ओटावा शहरात इयन स्टील नावाच्या इमर्जन्सीच्या डॉक्टरांनी नेमका हाच आकडा समोर ठेवला. मुरगळलेला घोटा घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा एक्स-रे निघत होता आणि त्यांतल्या शंभरातल्या पंधरांचंही हाड मोडलेलं निघत नव्हतं. मग उरलेल्या पंच्याऐंशींना फिल्म न काढताच ओळखता येईल का?

अनुभवी डॉक्टरला अंदाज असतोच. पण अंदाजावर माणसाला घरी पाठवायचं, आणि उद्या तो लंगडत परत आला तर? त्यापेक्षा एक फिल्म स्वस्त. खात्री आणि भीती यांचं हे गणित जगभरच्या कॅज्युअल्टींत रोज मांडलं जातं. स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कागदावर मांडलं, आणि त्यातून वैद्यकशास्त्रातला एक फार साधा आणि फार देखणा शोध लागला.

बोट नेमकं कुठे ठेवायचं?

त्यांनी एक छापील तक्ता केला. घोटा दुखावून आलेल्या रुग्णाला तपासताना डॉक्टरने त्यात एकूण ३२ गोष्टी नोंदवायच्या. महत्त्वाची अट अशी की तक्ता एक्स-रे बघण्याआधी भरायचा. फिल्मवर भेग दिसल्यावर कुणालाही "मला आधीच वाटलं होतं" म्हणता येतं. आधी लिहून ठेवलेलं मत मात्र नंतर बदलता येत नाही. दोन रुग्णालयांत मिळून ७५० प्रौढ रुग्णांचे असे तक्ते भरले गेले. काही रुग्णांना दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता तपासलं, कारण ज्या खुणेबद्दल दोन डॉक्टरांचंच एकमत होत नाही तिच्यावर नियम उभा करण्यात अर्थ नाही.

मग चाळणी सुरू झाली. १९९२ साली निकाल छापून आला तेव्हा ३२ गोष्टींतल्या मोजक्याच शिल्लक होत्या. गळालेल्यांत सगळ्यांत आश्चर्याची गोष्ट म्हणजे सूज. जी बघून घरचे घाबरतात आणि जिच्यामुळे रिक्षा बोलावली जाते, त्या सुजेला नियमात जागाच मिळाली नाही. पडताना "कट्ट" असा आवाज आल्याचं रुग्ण हमखास सांगतो, तोही त्यात नाही.

पुढच्या एक-दोन दुरुस्त्यांनंतर नियम ठरला तो असा. घोट्याच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या खालच्या टोकावर आणि मागच्या कडेवर, खालून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबायचं. हाडावर दाबल्यावर दुखलं तर एक्स-रे. दुखलं नाही तर एकच प्रश्न उरतो: दुखापत झाल्या झाल्या आणि आता इथे कॅज्युअल्टीत, अशा दोन्ही वेळा, पायावर भार टाकून चार पावलं चालता आलं का? लंगडत चाललं तरी चालेल. दोन्ही वेळा जमलं नाही, तरच एक्स-रे. दुखणं पावलाच्या मधल्या भागात असेल, तर तिथल्या दोन जागा दाबायच्या. एक, करंगळीकडच्या कडेच्या साधारण मध्यावर लागणारा हाडाचा कोंब. दुसरी, आतल्या बाजूला कमानीच्या वरचं नॅव्हिक्युलर नावाचं हाड. आणि इथेही तीच चार पावलं.

मागचीच कडा का? पाय आत मुरगळतो तेव्हा जो अस्थिबंध सर्वांत जास्त ताणला जातो, तो बाहेरच्या उंचवट्याच्या पुढच्या बाजूला असतो. पुढून दाबलं तर मुरगळलेला प्रत्येक माणूस ओरडणारच. त्या ओरडण्यातून हाडाबद्दल काहीच कळत नाही. मागून दाबलं की बोटाखाली जवळजवळ नुसतं हाड येतं, म्हणून तिथलं दुखणं खरं बोलतं. बोट दीड-दोन इंच इकडचं तिकडे झालं की प्रश्नच बदलतो.

या नियमाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. हाड कुणाचं मोडलंय हे तो सांगत नाही. कुणाचं नक्की मोडलेलं नाही, एवढंच सांगतो. तांदूळ निवडताना खड्याबरोबर चार चांगले दाणे गेले तरी बिघडत नाही, पण खडा पातेल्यात जाता कामा नये, तशी ही रचना आहे. नियमाने एक्स-रेला पाठवलेल्यांतही बहुतेकांचं हाड शाबूतच निघतं, आणि ते चालतं. शिवाय खडा कशाला म्हणायचं, हेही आधीच ठरवलेलं होतं. अस्थिबंधाबरोबर उचकटून आलेला हाडाचा कण तीन मिलिमीटरपर्यंतचा असेल, तर तो मोजायचा नाही, कारण त्याने उपचार बदलत नाही.

एवढ्यावर थांबले असते तर तो एक चांगला लेख ठरला असता. पण त्यांनी आपलाच नियम नव्या रुग्णांवर तपासायला घेतला. पहिल्या नियमात वय ५५ च्या वर असेल तर एक्स-रे काढा असं कलम होतं. १९९३ च्या दुसऱ्या फेरीत ते अनावश्यक ठरलं आणि काढून टाकलं. पावलातल्या क्युबॉइड नावाच्या हाडाचंही तेच झालं. १९९४ साली त्यांनी नियम लागू केलेल्या रुग्णालयाची, तो न लावलेल्या रुग्णालयाशी तुलना केली. पहिल्या ठिकाणी घोट्याचे एक्स-रे २८ टक्क्यांनी घटले, दुसरीकडे ते २ टक्क्यांनी वाढले. हाड न मोडलेले जे लोक फिल्म न काढता घरी गेले, त्यांचा कॅज्युअल्टीतला मुक्काम सरासरी ८० मिनिटांचा होता, फिल्म काढलेल्यांचा ११६ मिनिटांचा. पुढे आठ रुग्णालयांत १२,७७७ रुग्णांवर तपासणी झाली. २००३ साली वेगवेगळ्या देशांतले २७ अभ्यास आणि १५ हजारांहून अधिक रुग्ण एकत्र करून पाहिलं, तर नियमाच्या हातून निसटणारी हाडं शंभरात दोनपेक्षाही कमी निघाली, आणि एक्स-रे मात्र ३० ते ४० टक्क्यांनी कमी करता येतील असं दिसलं.

माणूस दारू पिऊन आला असेल, डोक्याला मार असेल, दुसरी मोठी जखम लक्ष वेधून घेत असेल किंवा पायाची संवेदनाच कमी असेल, तर हा नियम लावायचा नाही. कारण ही सगळी रचना एका गोष्टीवर उभी आहे: दाबल्यावर दुखलं की नाही, हे माणसाला नीट सांगता आलं पाहिजे.

आईचा शब्द पुराव्यात

घोट्यावर जमलं ते डोक्यावर जमेल का? तिथे चूक महाग पडते. झोपाळ्यावरून पडलेलं मूल कॅज्युअल्टीत येतं, आई रडत असते, बाप सीटी स्कॅन करा म्हणत असतो. मेंदूत रक्तस्राव असेल आणि तो नजरेतून सुटला, तर मूल जाऊ शकतं. सगळ्यांचेच स्कॅन काढले, तर हजारो लहान मेंदूंवर विनाकारण किरणोत्सर्गाचा मारा होतो.

अमेरिकेतल्या २५ कॅज्युअल्टींनी मिळून ४२,४१२ मुलांच्या नोंदी केल्या. २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. यांतल्या सुमारे ३५ टक्के मुलांचा स्कॅन झाला होता. खरोखर काळजी करावी अशी मेंदूची इजा एकूण मुलांतल्या एका टक्क्याहूनही कमी जणांना होती. या डोंगरातून दोन नियम निघाले: एक दोन वर्षांखालच्या बाळांसाठी, दुसरा त्यापुढच्या मुलांसाठी.

बाळांच्या नियमात सहा गोष्टी आहेत. शुद्धीत फरक, कपाळ सोडून डोक्यावर इतरत्र आलेलं टेंगूळ, पाच सेकंद किंवा जास्त वेळ शुद्ध हरपणं, हाताला लागणारी कवटीची मोड, जबरदस्त आघात. आणि सहावी गोष्ट: आईवडिलांच्या मते बाळ नेहमीसारखं वागत नाहीये. यंत्रांनी भरलेल्या रुग्णालयात, हजारो नोंदींच्या गणितातून गाळून निघालेल्या सहा पुराव्यांत "हा असा कधी करत नाही हो डॉक्टर" हे वाक्य टिकून राहिलं. भावनेला मान म्हणून ते घेतलेलं नाही, उपयोगी ठरलं म्हणून घेतलं आहे. दीड वर्षाचं मूल आपल्याला काय होतंय ते सांगू शकत नाही. त्याचं रोजचं वागणं ज्याने पाहिलंय, त्याच्याजवळच तुलनेचं माप असतं. हा नियम पुन्हा नव्या बाळांवर तपासला, तेव्हा सहाही गोष्टी नसलेल्या १,१७६ बाळांपैकी एकालाही गंभीर इजा निघाली नाही.

माहीत आहे, पण हात ऐकत नाहीत

इथपर्यंत गोष्ट शोधाची झाली. यापुढे ती शिकवण्याची होते, आणि तिथे कॅज्युअल्टीचं शास्त्र आणखी चमत्कारिक होतं.

ओटावाचा नियम ज्या देशात जन्मला, त्याच कॅनडातल्या इमर्जन्सी डॉक्टरांना २००५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात विचारलं, की तुम्ही हा नियम वापरता का? दहातले नऊ म्हणाले, नेहमी किंवा बहुतेक वेळा. मग त्यातली कलमं सांगा असं म्हटल्यावर ती सगळी अचूक सांगता आली तिघांमागे जेमतेम एकाला. आपण नियम पाळतो असं मनापासून वाटणं आणि तो खरंच पाळणं, यांच्यात एवढी फट होती.

ही फट जिवावर कशी बेतते, ते अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात दिसलं. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबणं आणि अंबू बॅगने त्याला श्वास देणं, हे प्रशिक्षित माणसाच्या अंगवळणी पडलेलं काम. त्या काळच्या शिकवणीप्रमाणे मिनिटाला साधारण १२ श्वास द्यायचे. टॉम ऑफडरहाइड आणि सहकाऱ्यांनी खऱ्या प्रसंगी काय घडतं, ते यंत्रावर नोंदवलं. पहिल्या सात रुग्णांत सरासरी निघाली मिनिटाला ३७. पथकांना पुन्हा बसवून शिकवलं. त्यानंतरची सरासरी २२. सुधारणा झाली, तरी आकडा ठरल्याच्या जवळजवळ दुप्पट.

यात हलगर्जीपणा नव्हता. पुढ्यात माणूस मरत असताना सेकंद लांबतो, पिशवी आपोआप दाबली जाते, आणि जास्त हवा म्हणजे जास्त मदत असं हाताला वाटतं. शरीराचं म्हणणं उलटं असतं. श्वास आत ढकलला की छातीतला दाब वाढतो, शिरांतून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, आणि छाती दाबून पुढे ढकलायला हृदयात रक्तच उरत नाही. याच संशोधकांनी डुकरांवर प्रयोग केला. मिनिटाला १२ श्वास दिलेल्या सात डुकरांपैकी सहा वाचली. ३० दिलेल्या सातांपैकी एक. बाकी सगळं सारखं होतं, फक्त हाताची घाई वेगळी. आज श्वासनलिकेत नळी घातलेल्या रुग्णाला मिनिटाला दहा, म्हणजे सहा सेकंदांना एक श्वास द्यायला शिकवतात. कॅज्युअल्टीत उभं राहून सहा सेकंद हात आखडून धरणं किती कठीण असतं, ते अंबू बॅग हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

मग हात शिकवायचे कसे? १९६० साली नॉर्वेतल्या स्टाव्हांगर गावच्या ओस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या कारखानदाराने सरावासाठी 'रेसुसी ॲन' ही बाहुली आणली. तिचा चेहरा घेतला होता पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुखवट्यावरून. जगभरच्या लाखो लोकांनी त्या ओठांवर श्वास द्यायला शिकून घेतलं. पण बाहुलीवर शिकलेलं काही महिन्यांतच विसरायला होतं, हे पुढच्या अभ्यासांत वारंवार दिसलं. दोन वर्षांतून एकदा दिवसभर वर्ग घेण्यापेक्षा थोडा थोडा सराव वरचेवर करणं बरं, हा विचार त्यातूनच आला.

शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयात आणखी एक पाऊल पुढे टाकलं. २००५ साली छापलेल्या अभ्यासात तिथल्या संशोधकांनी प्रशिक्षित पथकांची छाती दाबण्याची गती आणि खोली यंत्रावर मोजली होती. चांगलं शिकलेली माणसंही बऱ्याचदा कमी खोल दाबत होती, श्वास मात्र जास्त देत होती. पुढे त्यांनी हीच नोंद रेसिडेंट डॉक्टरांसमोर ठेवून चर्चा सुरू केली: हा तुमचा कालचा रुग्ण, हा तुमचा आलेख, इथे तुम्ही दाबायचं थांबलात. दोषारोप नाहीत, नुसती नोंद. याबरोबर छाती दाबत असतानाच चूक दाखवणारं यंत्रही होतं. हृदय पुन्हा सुरू होण्याचं प्रमाण ४४.६ टक्क्यांवरून ५९.४ टक्क्यांवर गेलं. मात्र बरे होऊन घरी गेलेल्यांचं प्रमाण बदललं नाही, आणि तेही त्याच लेखात छापलं आहे. हृदय सुरू करणं आणि माणूस परत मिळवणं यांच्यामध्ये अजून बराच रस्ता आहे.

घड्याळाशी झगडणारी औषधं

कॅज्युअल्टीतलं संशोधन इतरांपेक्षा अवघड का असतं, याचं सरळ कारण म्हणजे तिथला रुग्ण संमती द्यायला शुद्धीत नसतो, नातेवाईक वाटेत असतात आणि मिनिटं संपत असतात. तर मग बेशुद्ध माणसावर प्रयोग करूच नयेत का? अमेरिकेने १९९६ साली यासाठी खास नियम केला. जीवघेण्या प्रसंगी, संमती मिळणं अशक्य असेल तेव्हा, त्या भागातल्या लोकांशी आधी सल्लामसलत करून आणि कडक देखरेखीखाली असा अभ्यास करता येतो. वरवर पाहता हे क्रूर वाटतं. पण प्रयोग न करताही रुग्णाला काहीतरी दिलं जातंच, आणि ते बरोबर आहे की नाही, हे कुणालाच ठाऊक नसतं.

डोक्याला मार लागलेल्यांना स्टेरॉइड देण्याची पद्धत तीस वर्षांहून जुनी. मेंदूची सूज उतरेल हा तर्क इतका पटण्यासारखा, की शंका घ्यायला जागा नव्हती. २००४ साली 'क्रॅश' नावाच्या चाचणीचा निकाल आला. दहा हजारांवर रुग्ण, निम्म्यांना स्टेरॉइड, निम्म्यांना नुसतं पाण्यासारखं औषध, कुणाला काय हे चिठ्ठ्यांनी ठरलेलं. दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. दर शंभरामागे तीन माणसं जास्त. चाचणी ठरल्याच्या निम्म्यावरच थांबवावी लागली. एकेका डॉक्टरला हे आयुष्यभरात कळलं नसतं, कारण डोक्याला मार लागलेले रुग्ण दगावतातच, आणि शंभरातले ते तीन वेगळे ओळखू येत नाहीत.

त्याच गटाने पुढची चाचणी घेतली ती रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ साली हे औषध जगापुढे मांडलं. बाळंतपणात अति रक्त जाऊन मरणाऱ्या स्त्रियांना वाचवावं ही उताकोबाईंची तळमळ होती, पण प्रसूतितज्ज्ञांनी तेव्हा ते वापरून बघायला नकार दिला. २०१० च्या 'क्रॅश-२' मध्ये ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांत, ज्यांत भारतातलीही होती, अपघातात जखमी झालेल्या २०,२११ जणांना घेतलं. मृत्यूचं प्रमाण १६ वरून १४.५ टक्क्यांवर आलं. फरक छोटा दिसतो, पण औषध स्वस्त आहे, आणि रस्त्यावर सांडणाऱ्या रक्ताचा जगभरचा हिशेब मोठा आहे.

खरी गंमत पुढच्या वर्षी आकडे पुन्हा उलगडले तेव्हा कळली. जखम झाल्यापासून तासाभरात दिलं, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने घटत होते. तीन तासांनंतर दिलं, तर तेच औषध अपाय करत होतं. तीच कुपी, तीच मात्रा, फक्त घड्याळाचा काटा वेगळा. बाळंतपणातल्या रक्तस्रावावर २० हजार स्त्रियांच्या चाचणीचा निकाल २०१७ साली आला आणि उताकोबाईंचं म्हणणं खरं ठरलं. त्या आदल्याच वर्षी, ९८ व्या वर्षी गेल्या होत्या. पचनमार्गातल्या रक्तस्रावावरही हेच चालेल असं वाटलं होतं. २०२० च्या मोठ्या चाचणीत ते चाललं नाही.

महाडच्या खाटेशेजारी

हे सगळं वाचून वाटेल, की असं संशोधन करायला ओटावा किंवा शिकागोच हवं. भारतात इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली २००९ साली. पण कॅज्युअल्टीचा स्वभाव असलेलं एक संशोधन त्याच्या कितीतरी आधी रायगड जिल्ह्यात झालं, आणि तेही बाटलीभर सलाईन मिळताना मारामार असलेल्या ठिकाणी.

हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली रुजू झाले. कोकणात भातकापणीच्या दिवसांत लाल विंचू चावून माणसं, विशेषतः मुलं, येत. चावल्यावर घामाने भिजणं, उलट्या, हातपाय थंडगार पडणं, आणि काही तासांत तोंडाला गुलाबी फेस. फुप्फुसांत पाणी भरून रुग्ण जात. पुस्तकांत याबद्दल फारसं काही नव्हतं. बावस्करांनी तेच केलं, जे पुढे ओटावातल्या डॉक्टरांनी मोठ्या प्रमाणावर केलं: एकेका रुग्णाशेजारी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम आणि हातापायांची ऊब यांची नोंद. कोणती खूण आधी येते, कोणती धोक्याची, हे १९८२ साली त्यांनी 'लॅन्सेट'ला कळवलं.

नोंदींतून गोष्ट उलगडली. विंचवाचं विष नसांना सतत चेतवत ठेवतं आणि शरीर आपलंच ॲड्रेनॅलिन आणि त्याच्या जातीची द्रव्यं पूर आल्यासारखी रक्तात सोडतं. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, त्या आवळलेल्या वाटांविरुद्ध झगडून हृदय थकतं आणि मागे तुंबलेलं पाणी फुप्फुसांत उतरतं. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध का देऊ नये? रक्तदाबासाठी मिळणारी प्राझोसिनची साधी गोळी त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी वापरली आणि १९८६ साली ते प्रसिद्ध केलं. पश्चिम भारतात या दंशानंतर मृत्यूचं जे प्रमाण २५ ते ३० टक्क्यांच्या घरात सांगितलं जाई, ते एका टक्क्याच्या आसपास आलं.

इथे थांबायला कुणाचीच हरकत नव्हती. गोळी स्वस्त, कुठल्याही आरोग्य केंद्रात ठेवता येणारी, आणि जगभर ओळख मिळवून देणारी. पण मुंबईच्या हाफकिनमध्ये विंचवाच्या विषाचं प्रतिविष तयार होत होतं. प्राझोसिन एकट्याने पुरेसं आहे की प्रतिविष जोडावं, हा प्रश्न उरलाच होता. बावस्करांनी महाडला चिठ्ठ्यांवर आधारलेली चाचणी घेतली: ७० रुग्ण, ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. २०११ साली 'बीएमजे'मध्ये निकाल आला. दहा तासांत पूर्ण बरे झालेले, दोन्ही मिळालेल्यांत ३५ पैकी ३२. नुसतं प्राझोसिन मिळालेल्यांत ३५ पैकी ८.

ज्या गोळीने नाव मिळवून दिलं, ती एकटी कमी पडते हे सिद्ध करणारा आकडा त्या गोळीच्याच माणसाने छापला. ओटावाच्या डॉक्टरांनी स्वतःचं ५५ वर्षांचं कलम खोडलं, शिकागोने हृदयं जास्त सुरू झाली पण घरी जाणारी माणसं वाढली नाहीत हे लिहिलं, महाडने हे. कॅज्युअल्टीत खात्री फार लवकर वाटते, कारण वाट बघायला वेळच नसतो. या शास्त्राने जी काही प्रगती केली, ती अशा माणसांनी केली, ज्यांनी ती खात्री बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्टर उघडलं आणि किती जण खरंच वाचले ते मोजलं.